तुमचे प्रश्न : राव्हेन्सबुर्गची भावंडं आणि त्यांचा वॉल्ट्झ

मागच्या अंकात मुलांच्या स्केट्सबद्दल उत्तर देताना मी एका ओळीत लिहून गेले होते की माझी सगळ्यात आवडती स्केटिंगची जोडी म्हणजे पश्चिम जर्मनीतल्या राव्हेन्सबुर्ग गावचे अँजेलिका आणि एरिश बुक, सख्खे बहीण-भाऊ. त्या एका ओळीवरून बरेच मेसेज आले, दोन तर चक्क पोस्टकार्डं आली, म्हणून यावेळचा अख्खा कॉलम त्यांनाच देतेय. बाहेर पारा ४२ वर आहे आणि मी बर्फाबद्दल लिहितेय, बरं वाटतंय.

ताई, माझा मुलगा तेरा वर्षांचा आणि मुलगी अकरा, दोघं रोलर स्केटिंगला जातात. आता त्यांना जोडीने डान्स शिकायचाय पण सासूबाई म्हणतात भावाबहिणीने जोडीने नाचायचं कसलं. तुम्ही लिहिलेली ती जर्मन भावंडं नक्की काय करायची आणि कुठपर्यंत पोचली? (एक आई, जुळे सोलापूर)

सासूबाईंना सांगा की आइस डान्समधे, म्हणजे बर्फावर स्केट्स घालून जोडीने करायच्या नाचात, भावंडांची जोडी ही अजिबात नवलाची गोष्ट नाही. फ्रान्सचे इझाबेल आणि पॉल दुशेने १९९२ ला ऑलिम्पिकचं सिल्व्हर घेऊन गेले, अमेरिकेचे माया आणि ॲलेक्स शिबुतानी २०१८ ला ब्राँझ, दोन्ही सख्खी भावंडं. आणि फायदा सरळ आहे ना, एकाच घरात राहतात, एकत्र उठतात, एकत्र प्रॅक्टिसला जातात, लहानपणापासून एकमेकांचा वेग आणि वजन अंगात मुरलेलं असतं. अडचण एकच, प्रेमकथेचा भाव असलेलं म्युझिक घेता येत नाही, पण वॉल्ट्झ आहे (तीनच्या लयीतला युरोपियन नाच), पोल्का आहे, मार्च आहे, नाचायला काय कमी आहे का.

आता बुक भावंडं. खरं करिअर उभं राहिलं ते १९७० ते १९७३ या चार वर्षांत. १९७० ला ल्युब्लियानाच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे ब्राँझ, मग १९७१ ला लियोंमधे सिल्व्हर, १९७२ ला कॅलगरीत सिल्व्हर, १९७३ ला ब्रातिस्लाव्हात परत सिल्व्हर, म्हणजे सलग चार वर्षं पोडियमवर. आणि चारही वेळा वरच्या पायरीवर तीच सोव्हिएत जोडी, ल्युडमिला पाखोमोवा आणि अलेक्सांद्र गोर्शकोव्ह. ही काय साधीसुधी जोडी नव्हती, सहा वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेली माणसं, आइस डान्सला त्यांनी रंगमंचावरच्या नाचासारखं नाट्य आणलं. त्यांच्या आधी हा खेळ म्हणजे जवळपास इंग्रजांची मक्तेदारी होती, सगळं टापटीप आणि बॉलरूमच्या चौकटीतलं. अशा बदलत्या काळात बुक भावंडं मधे उभी राहिली, आणि त्यांची कोच कोण तर एक इंग्रज बाई, बेटी कॅलवे. पुढे टॉर्विल आणि डीन या जगप्रसिद्ध जोडीला १९८४ च्या ऑलिम्पिक गोल्डपर्यंत नेणारी हीच.

आणि मला सगळ्यात जास्त आवडतो तो जानेवारी १९७२, स्वीडनचं गोथेनबर्ग, युरोपियन चॅम्पियनशिप. १९७० पासून १९७६ पर्यंत सात वर्षांत हा किताब पाखोमोवा-गोर्शकोव्हनी सहा वेळा जिंकला, मधलं जे एक वर्ष रिकामं दिसतं ना ते १९७२, आणि तिथे नाव आहे बुक आणि बुक. मी ही यादी पहिल्यांदा बघितली तेव्हा त्या एका ओळीवर बोट ठेवून बसले होते, सगळीकडे तेच सोव्हिएत नाव आणि मधेच हे दोघं.

मुलांचं म्हणाल तर जरूर करू द्या. फक्त डान्ससाठी एका रांगेत चाकं असलेले इनलाइन स्केट्स घेऊ नका, चार चाकांचे क्वाडच घ्या. पुढे टो-स्टॉप म्हणजे चवड्याखालचा ब्रेक असतो, आणि शरीर एका बाजूला कलवून वळणं घ्यायची सवय त्याच्यावर नीट लागते.

एवढी मोठी जोडी होती तर ऑलिम्पिकच्या मेडल्समधे नाव का नाही? मी स्वतः १९७२ ची अख्खी यादी बघितली, नाही सापडलं. मग मोठी म्हणायचं का त्यांना? (एक विद्यार्थी, विजापूर रोड)

तू शोधलंस हे छान केलंस, पण सापडणारच नाही, कारण १९७२ च्या ऑलिम्पिकमधे आइस डान्स हा खेळच नव्हता! वर्ल्ड चॅम्पियनशिप १९५२ पासून व्हायची, १९६८ ला ग्रेनोबलमधे नुसतं प्रात्यक्षिक म्हणून दाखवला, पण मेडल मिळायला लागलं १९७६ च्या इन्सब्रुकपासून. पहिलं गोल्ड कोणाला, तर पाखोमोवा-गोर्शकोव्हनाच. आणि बुक भावंडं १९७३ लाच थांबली होती.

आता १९७२ सालचं कॅलेंडर डोळ्यासमोर आण. जानेवारीत गोथेनबर्गला ते युरोपचे चॅम्पियन झाले. फेब्रुवारीत जपानमधे साप्पोरोला विंटर ऑलिम्पिक. मार्चमधे कॅलगरीला वर्ल्डचं सिल्व्हर. म्हणजे त्यांचा ऐन भरातला सीझन, आणि त्याच्या बरोब्बर मधे ऑलिम्पिक येऊन गेलं, बाकीचे स्केटर विमानात बसून साप्पोरोला गेले, सिंगल्सवाले गेले, पेअर्सवाले गेले, आणि युरोपची चॅम्पियन जोडी घरी. मला याचं खूप वाईट वाटतं, खरंच. त्यांच्याकडून काही कमी पडलं असतं तर वेगळी गोष्ट, इथे दारच नव्हतं.

तुझ्या "मोठी म्हणायचं का" याला माझं उत्तर हो आहे, आणि त्याचं कारण नुसती मेडल्स नाहीत, ते खालच्या लेझीमच्या प्रश्नात येतंय, तेवढं वाच. एक आकडा मात्र इथेच देते. १९७३ नंतर जर्मनीला आइस डान्समधे वर्ल्डचं पुढचं मेडल मिळालं ते थेट २००४ ला, काटी विंकलर आणि रेने लोझे, ब्राँझ, तेही घरच्या मैदानावर डॉर्टमुंडला. मधे ३१ वर्षं गेली.

आइस डान्स आणि पेअर स्केटिंग एकच ना? (नाव दिलेलं नाही)

नाही. पेअरमधे मुलीला डोक्यावर उचलतात, हवेत फेकतात, दोघं शेजारी शेजारी उड्या मारतात. डान्समधे ते काही चालत नाही, तिथे पायाचं काम, ताल आणि दोघांमधलं अंतर बघतात, जितकं जवळ राहून जितकं वेगात जाल तितकं भारी. म्हणून डान्सच्या ब्लेडची मागची बाजूसुद्धा साधारण इंचभर आखूड असते, नाहीतर एवढ्या जवळून जाताना एकमेकांच्या ब्लेडवर पाय पडेल.

मी आमच्या मंडळाच्या लेझीम पथकात आहे. तुम्ही मागे लिहिलं होतं की आइस डान्समधे पूर्वी सगळ्या जोड्यांना एकच डान्स करायला लागायचा. सगळ्यांच्या स्टेप्स सारख्या असल्यावर नंबर कसा काढतात ओ? (एक लेझीमवाला, बाळीवेस)

अहो हे तुमच्याइतकं कोणाला कळणार! गणपतीच्या मिरवणुकीत दोन पथकं तोच डाव खेळतात, हलगी तीच, पण एकाचा हात एकदम पडतो आणि दुसऱ्याचा पसरतो, हे बघणाऱ्या पोरालाही कळतं. तसंच हे. याला कंपल्सरी डान्स म्हणायचे. बर्फावर कुठून कुठे जायचं तो नकाशा ठरलेला, कुठल्या ठोक्याला कुठला पाय, ब्लेडची आतली धार का बाहेरची, सगळं ठरलेलं. मग जज बघणार की वळण धारेवर नीट घेतलं का, ठोका पकडला का, दोघांचे गुडघे एकत्र वाकले का. लपायला जागाच नाही.

आणि हे कंपल्सरी डान्स कुठून यायचे? बरेचसे मोठ्या जोड्यांनी आणि त्यांच्या कोचनी बसवलेले. इथे बुक भावंडं परत येतात. अँजेलिका, एरिश आणि बेटी कॅलवे या तिघांनी मिळून एक वॉल्ट्झ बसवला, १९७३ ला क्रेफेल्डमधे पहिल्यांदा सादर झाला, आणि त्याला नाव दिलं आपल्या गावाचं, राव्हेन्सबुर्गर वॉल्ट्झ. राव्हेन्सबुर्ग म्हणजे दक्षिण जर्मनीत बोडेन्झे सरोवराच्या जवळचं जुन्या बुरुजांचं गाव. तुमच्या घरात लहान मुलं असतील तर जिगसॉ पझलच्या डब्यावर निळ्या त्रिकोणात हेच नाव बघितलं असेल, ती कंपनी त्याच गावची. आपली चादर कशी जिथे जाईल तिथे सोलापुरी चादर म्हणूनच जाते, तसं या वॉल्ट्झचं झालं.

तो सोपा नाहीये बरं का. व्हिएनीज वॉल्ट्झ, तीनची लय, आणि वेग मिनिटाला १९८ ठोके, म्हणजे सेकंदाला तीनच्या वर. हलगी एवढ्या वेगात वाजली तर तुम्ही दर ठोक्याला पाय टाकायला बघाल, पण इथे उलटं करायचं असतं, ठोके धावत असतात आणि स्केटर एकेका पायावर लांबलचक वळण धरून ठेवतो, वरून बघणाऱ्याला सगळं संथ वाटलं पाहिजे. माझ्या मते हीच त्या वॉल्ट्झची खरी गंमत आहे आणि तो बसवणाऱ्यांची समज पण त्यातच दिसते.

आता ऐका. २००६ च्या तुरिन ऑलिम्पिकला कंपल्सरी डान्स म्हणून काय आलं होतं? राव्हेन्सबुर्गर वॉल्ट्झ. जी जोडी कधी ऑलिम्पिकला उतरू शकली नाही त्यांच्या गावाचा वॉल्ट्झ ऑलिम्पिकच्या बर्फावर एकामागून एक सगळ्या देशांच्या जोड्या करत होत्या, रशियावाले, अमेरिकावाले, इटलीवाले, सगळे. हे लिहिताना पण माझ्या अंगावर काटा येतो. अजून एक सांगते, १९७२ ला कॅलगरीच्या पोडियमवर ज्या तीन जोड्या उभ्या होत्या त्या तिन्हींनी एकेक डान्स मागे ठेवलाय. पाखोमोवा-गोर्शकोव्हचा टँगो रोमँटिका, बुक भावंडांचा हा वॉल्ट्झ, आणि ब्राँझवाल्या अमेरिकन जुडी श्वोमायर आणि जेम्स स्लॅडकीचा यँकी पोल्का. टँगो रोमँटिका २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकला होता, आणि त्या सीझननंतर कंपल्सरी डान्स हा वेगळा भागच बंद झाला. मला तो निर्णय पटलेला नाही, प्रेक्षकांना कंटाळा येतो म्हणून पाया काढून टाकायचा हे काय बरोबर नाही. पण ते ठरलेले पॅटर्न अजून शिकवतात, परीक्षांना असतात, राव्हेन्सबुर्गर वॉल्ट्झपण त्यात आहे.

आम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल बनवतो, माल बाहेरदेशी जातो. सहज विचारतो, त्या बर्फावरच्या खेळात टॉवेलचं काही काम असतं का? (एक कामगार, सोलापूर)

असतं की दादा, आणि रोजचं. बर्फावरून उतरलं की पहिलं काम म्हणजे टॉवेलने ब्लेड कोरडी करणं, कारण ती पोलादाची असते आणि थंड ब्लेड बाहेरच्या उबेत आली की तिच्यावर पाणी धरतं, तसंच ठेवलं तर दुसऱ्या दिवशी गंज. चालताना ब्लेडवर प्लॅस्टिकचं कव्हर घालतात पण बॅगेत ठेवताना ते काढायचं, आत ओल कोंडते. त्याऐवजी कापडाची खोळ चढवतात, उरलेलं पाणी शोषून घेणारी, आणि ती खोळ बहुतेक वेळा टेरी कापडाचीच असते, तुमच्या मागावर निघतं तेच, दोन्ही बाजूंनी फास असलेलं.