विचारा, सांगतो : काकांची टेप

प्रश्न : आम्ही पंचवटीतले तीर्थोपाध्याय. यजमानांच्या वंशावळीच्या वह्या आमच्याकडे पाच-सहा पिढ्यांपासून आहेत. माझे धाकटे काका सातपूरला एका कारखान्यात ईडीपी, म्हणजे संगणक खात्यात होते. 1993-94 मध्ये रोज रात्री बसून त्यांनी सात वह्या मराठीतच घरच्या पीसीवर उतरवल्या. तो पीसी केव्हाच भंगारात गेला. 2008 च्या पुरात तळमजल्यावर पाणी शिरलं आणि त्या सातांतल्या तीन वह्यांची शाई पसरली. काका आता नाहीत. मागच्या महिन्यात माळा आवरताना त्यांच्या ट्रंकेत संगणकाच्या बॅकअपची एक टेप सापडली : पोस्टकार्डापेक्षा जराशी मोठी, बोटभर जाड, खालून अॅल्युमिनियमचा पत्रा. वर ‘डीसी 6150’ छापलंय आणि काकांच्या अक्षरात ‘वही 1 ते 7, जिस्ट, टार’. एम. जी. रोडवरचे एक दुकानदार म्हणतात, हेअर ड्रायरने शेकून चालवून बघू. आतेभावाने ती वाचायचा एक जुना ड्राइव्हही ऑनलाइन मागवलाय. लावून बघू का?
– पंचवटी

उत्तर : लावू नका. ड्राइव्ह आला असेल तर तो आणि टेप एका खोलीतसुद्धा ठेवू नका. रात्री जेवणं झाली की घरातल्या कुणाला तरी ‘नुसतं एकदा बघू’ असं वाटतंच. मलाही वाटलं होतं.

वीसेक वर्षं झाली. एका संस्थेने अशीच टेप माझ्याकडे आणली होती, दहा-बारा वर्षांचे हिशेब होते तिच्यात. ड्राइव्ह मी अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारातून उचललेला, दिवा लागत होता म्हणजे चांगला, अशी माझी तेव्हाची परीक्षा. टेप आत सरकवली. सूंऽ असा आवाज झाला, मग ‘टक्’, आणि मोटर मोकळीच फिरायला लागली. बाहेर काढून चार स्क्रू खोलले तर आतला पट्टा तुटून पडलेला, आणि तपकिरी टेपवर मध्येच काचेसारखा पारदर्शक तुकडा. जेमतेम इंचभर. त्या इंचाने मला संस्थेच्या चेअरमनसमोर मान खाली घालायला लावली.

कारण समजून घ्या, म्हणजे घाई होणार नाही. या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे टेपच्या डबीत, रिळं मोटरला जोडलेली नसतात. आत एक पातळ, ताणलेला रबरी पट्टा असतो, तो दोन्ही गुंडाळ्यांना बाहेरून घासत जातो आणि त्या घर्षणावर टेप पुढे-मागे सरकते. पट्टा तीस वर्षं एकाच जागी दाबून बसला की त्याचा ताण जातो, आणि जिथे टेकलाय तिथे तो टेपला चिकटतो. मोटर सुरू झाली की चिकटलेल्या जागेवरचा चुंबकी थर घेऊनच सुटतो. माझा पारदर्शक तुकडा तो हाच. आणि नुकसान इंचभराचं नसतं. तुमच्या टेपवर 150 एमबी मजकूर 18 मार्गांवर लिहिलाय, एक मार्ग जाताना, पुढचा येताना, नांगरटीच्या तासांसारखा. एक इंच गेला की अठरा ठिकाणी भोक पडतं.

म्हणून आधी स्क्रू ड्रायव्हर घेऊन एवढंच करा : कार्ट्रिजच्या कोपऱ्यात एक गोल खिट्टी असते, तिचा बाण ‘सेफ’कडे फिरवा. आता चुकूनही त्यावर काही लिहिलं जाणार नाही. मग टेप माळ्यावर परत टाकू नका. मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. माणसं बसतात त्या खोलीत, कपाटात, उभी ठेवा.

हेअर ड्रायरचं. दुकानदाराने कुठेतरी अर्धवट ऐकलंय. काही जुन्या टेपांमधला गोंद हवेतली ओल पिऊन चिकट होतो, आणि त्या साधारण 50 ते 55 अंशांवर, तासन् तास, एकसारख्या उष्णतेत ठेवून तात्पुरत्या बऱ्या करतात. हे मुख्यतः मोकळ्या रिळांच्या ध्वनिफितींसाठी. ड्रायर एका जागी किती तापतो ते ड्रायरलाही माहीत नसतं, आणि तुमच्या कार्ट्रिजमध्ये पट्टा आहे, प्लास्टिक आहे. नमस्कार करून टेप घरी घेऊन या.

काम करणारा माणूस आधी कार्ट्रिज उघडेल, जुना पट्टा हाताने हलके सोडवेल आणि त्याच मापाच्या, नंतरच्या काळातल्या एखाद्या कार्ट्रिजमधला पट्टा बसवेल. मग ड्राइव्ह. त्यात एक रबरी चाक असतं, ते कार्ट्रिजमधल्या चाकाला टेकून फिरवतं. जुन्या ड्राइव्हमध्ये या रबराचा गुळाचा पाक झालेला असतो, अगदी बोटाला तार येते. आतेभावाने मागवलेल्याचंही तसंच निघेल असं धरून चाला. चाकावर नवं रबर चढवता येतं. हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. आणि एक जागा बहुतेक जण विसरतात : कार्ट्रिजमध्ये छोटा आरसा असतो. टेपच्या दोन्ही टोकांजवळ बारीक भोकं आहेत, त्यांतून येणारा उजेड आरशावरून सेन्सरवर पडला की ड्राइव्हला कळतं, टेप संपत आली, थांबा. टेपचं टोक रिळाला बांधलेलं नसतं. आरशावर धूळ असली तर ड्राइव्ह थांबत नाही आणि सगळी टेप एका बाजूला निघून येते.

मी स्वतः आर्काइव्ह कंपनीचा वायपर 2150 वापरतो, 50 पिनांची स्कझी (ड्राइव्ह संगणकाला जोडायची जुनी पद्धत) केबल, अॅडॅप्टेकचं 2940 कार्ड, टोकाला टर्मिनेटर आणि लिनक्स टाकलेला एक पेन्टियम. आधी दुसरी, कामाची नसलेली टेप चालवायची. ती दोनदा नीट वाचली गेली की मगच काकांची.

आणि वाचायची म्हणजे फायली उघडायच्या नाहीत. पहिल्याच फेरीत सबंध टेपची जशीच्या तशी नक्कल लिनक्सच्या ‘डीडी’ या हुकुमाने हार्ड डिस्कवर उतरवायची, 512 बाइटच्या ठोकळ्यांनी, चूक आली तर नोंद करून पुढे. वही कुठली, फाइल कुठली, ते नंतर नकलेवर शोधायचं. ही अट काम देताना कागदावर लिहून घ्या, आणि ती कच्ची नक्कलही परत मागा. यजमानांची नावं, गावं, नाती त्यात आहेत, दुकानात एक प्रत राहता कामा नये.

आता तुमच्या बाजूने जे आहे ते सांगतो. काकांनी ‘टार’ लिहून ठेवलं हे त्यांचे उपकारच. टार म्हणजे अनेक फायली एकामागे एक बांधून ठेवायची पद्धत. तिच्यात प्रत्येक फाइलच्या पुढे तिचं स्वतःचं डोकं असतं, नाव, आकार, तारीख. मधला भाग गेला तरी पुढची फाइल सापडते. दाबून लहान केलेला बॅकअप असता तर भोकापुढचं सगळंच गेलं असतं.

आत बहुधा डीबेस किंवा फॉक्सप्रो या नोंदी ठेवायच्या जुन्या प्रोग्रॅमच्या डीबीएफ फायली निघतील. नोटपॅडमध्ये उघडल्या तर ³, Ï असली चिन्हं दिसतील, घाबरू नका, टेप खराब झालेली नाही. जिस्ट म्हणजे पुण्याच्या सी-डॅकचं कार्ड, त्यात मराठी इस्की संकेतात साठायची. भारतीय मानक ब्यूरोने 1991 मध्ये ठरवलेली ही पद्धत. तिच्यात ‘क’चा क्रमांक 179, तोच आजचा संगणक वर चढलेला तीन म्हणून दाखवतो. ‘र’ 207. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली, त्यामुळे रूपांतर जवळपास अक्षराला अक्षर होतं, विंडोजमध्ये त्यासाठी कोड पेज (अक्षरांच्या क्रमांकांचा तक्ता) 57002 आहे. काकांनी एखाद्या छपाईच्या फाँटमध्ये टाइप केलं असतं तर त्या फाँटचा तक्ता हुडकत बसावं लागलं असतं.

आणखी एक. डीबीएफमध्ये नोंद ‘डिलीट’ केली तरी ती जात नाही, तिच्या पुढे फक्त एक फुली, म्हणजे * पडते. ‘पॅक’ हुकूम दिल्यावरच ती खरी पुसली जाते. तेव्हा रूपांतर करणाऱ्याला फुलीच्या नोंदीही काढायला सांगा. काकांनी एकच घराणं दोनदा लिहून एक रद्द केलं असेल, आणि रद्द केलेल्यात एखादं नाव जास्त असेल. पसरलेल्या शाईच्या तीन वह्या तोवर जपून ठेवा. कुठलं नाव बरोबर, ते शेवटी त्यांच्यावरूनच ठरवावं लागेल.

प्रश्न : आमच्या कारखान्यात 1999 च्या सुमाराच्या, संगणकाच्या बॅकअपच्या छोट्या डॅट कॅसेट आहेत (डीडीएस-3). मूळ ड्राइव्ह सारखा क्लीनिंगचा दिवा लावायचा, म्हणून आम्ही त्याच जातीचा दुसरा घेतला, त्याच्यावर एकही कॅसेट वाचली जात नाही. मेन्टेनन्सवाले म्हणतात, कॅसेट संपल्या, फेकून द्या.
– सिन्नर

उत्तर : मूळ ड्राइव्ह कुठे आहे? तो फेकला नसेल तर कॅसेट संपलेल्या नाहीत. डॅटमध्ये फिरत्या ड्रमवरची हेड टेपवर तिरक्या, बारीक रेघा मारतात. ड्राइव्ह जराही वाकडा झालेला असेल तर तो वाकडंच लिहितो आणि स्वतःचं वाकडं स्वतः बिनचूक वाचतो. सरळ ड्राइव्हला ते वाचता येत नाही. मूळ ड्राइव्हमध्ये क्लीनिंग कॅसेट एकदा, फार तर दोनदा फिरवा. पंधरा वेळा नको, ती घासते. मग एकेक कॅसेट सबंध उतरवून घ्या. विंडोज एनटीचा बॅकअप असेल तर तो एमटीएफ नावाच्या रचनेत असतो, लिनक्सवर उलगडता येतो. मेन्टेनन्सवाल्यांना ड्राइव्ह घेऊन जाऊ देऊ नका, ते प्रेमाने त्याची अलाइनमेंट करून, म्हणजे तो सरळ करून आणतील.

प्रश्न : बॅकअपच्या एलटीओ-4 (चौथ्या पिढीच्या) टेप आहेत. नवीन एलटीओ-8 ड्राइव्ह घेतला तर चालतील ना?
– कॉलेज रोड

उत्तर : नाही. एलटीओ-8 फक्त 7 आणि 8 वाचतो. तुम्हाला 4, 5 किंवा 6 चा ड्राइव्ह लागेल. जुना मिळतो, पण विकणाऱ्याकडून तुमचीच एक टेप तुमच्यासमोर वाचून घ्या, मग पैसे द्या.