खासदारांना पत्र लिहाच, पण नेमकं मागा

तुम्ही विचारलंय की दूरसंचार नियामक ट्रायने २०१६ मध्येच डेटाच्या दरात भेदभाव करायला बंदी घातली आहे, मग नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या साइट्सना सारखीच वागणूक मिळावी यासाठी, आता खासदारांना पत्र लिहून काय मिळणार? मी २०१५ पासून या विषयाच्या मागे आहे. माझं उत्तर: लिहाच.

बंदी आहे, हे खरं. ८ फेब्रुवारी २०१६ च्या नियमांनी, तुम्ही कुठली साइट बघता त्यावरून डेटाचा दर कमी-जास्त करायला मनाई केली. मोडल्यास दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. फेसबुकला 'फ्री बेसिक्स' ही निवडक साइट फुकट दाखवणारी योजना इथून गुंडाळावी लागली ती त्यामुळेच. साइट अडवायची नाही, मुद्दाम हळू करायची नाही, ही अट २०१८ मध्ये कंपन्यांच्या परवान्यात आली. पण हे लिहिलंय कुठे ते बघा. एक नियामकाच्या नियमात, दुसरं परवान्यात. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याचं कलम नाही, आणि त्याच कायद्याने परवान्यांच्या जागी नवी अधिकारपत्रं आणली आहेत. जुन्या परवान्यातलं संरक्षण नव्या कागदात कायम राहीलच, असं कायदा कुठे म्हणत नाही.

अमेरिकेत नेमकं हेच भोवलं. तिथल्या दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचे नियम केले, २०१७ मध्ये सरकार बदलल्यावर मोडीत काढले, २०२४ मध्ये पुन्हा आणले आणि जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने सांगितलं की आयोगाला तो अधिकारच नाही. दहा वर्षं नुसता झोका, कारण संसदेने कायदा केला नव्हता.

हे मला इतकं का लागतं ते सांगतो. माझी वहिनी नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत पेटी शिकवते. मोबाइल कुकरच्या डब्यांच्या चळतीवर टेकवायचा, वर ओढणी टाकून खिडकीचा उजेड अडवायचा, की झालं रेकॉर्डिंग सुरू. धडे ती स्वतःच्या साइटवर टाकते. शिकणारी मुलं बरीचशी तालुक्याच्या गावांतली, रोजचा दीड जीबी संध्याकाळपर्यंत संपवणारी. उद्या एखाद्या बड्या ॲपचे व्हिडिओ फुकट आणि वहिनीच्या धड्याला डेटा कापला गेला, तर ती मुलं कुठे जातील? दोष मुलांचा नसेल. पण वहिनीच्या हातात काय उरलं?

आता पत्राचं. आमदारांना किंवा नगरसेवकांना लिहू नका, दूरसंचार हा केंद्राचा विषय आहे. आपला खासदार कोण तेही तपासा, पुण्यात यात हमखास घोळ होतो. कोथरूड, कसबा, पर्वती, शिवाजीनगर पुणे मतदारसंघात. पण धायरी-सिंहगड रोडकडचा खडकवासला बारामतीत, हडपसर शिरूरमध्ये आणि चिंचवड मावळमध्ये.

तयार मजकूर चिकटवू नका. 'फ्री बेसिक्स'च्या वेळी फेसबुकच्या एकाच साच्यातल्या लाखो प्रतिसादांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरच दिलेलं नाही, असं ट्रायने तेव्हा सुनावलं होतं. एक पान, मराठीत चालेल, आपला धंदा किंवा शिक्षण यात कुठे अडकलंय ते आधी. मग मागणी एकच: डेटामध्ये भेदभाव करायला मनाई करणारं कलम दूरसंचार कायद्यात घाला.

तोवर खासदारांनी दळणवळण मंत्र्यांना लोकसभेत प्रश्न विचारावा, हेही लिहा. प्रश्नाला किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर पत्र टाकलं तर उशीर होतो. प्रश्नाचा मसुदा दोन ओळींत तुम्हीच लिहून द्या: २०१८ च्या अटी नव्या अधिकारपत्रांत शब्दशः आहेत का, नसतील तर का नाहीत? कार्यालयातल्या माणसाचं काम सोपं होतं.

वहिनीचं पत्र काल झालं. तिने पहिल्याच ओळीत विद्यार्थ्यांच्या गावांची नावं घातली आहेत. उद्या स्पीड पोस्टाने जाईल.