परळच्या केमो वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या सिस्टरसाठी

नुसती औषधांची नावं पाठ करू नकोस. औषध पेशीला नेमकं कुठे गाठतं ते समजून घे, दुष्परिणाम आपोआप लक्षात राहतील.

व्हिन्क्रिस्टीनच बघ. दारातल्या सदाफुलीपासून मिळालेलं औषध. पेशीची विभागणी होताना आत सूक्ष्मनलिकांचे धागे विणले जातात. हे औषध ते धागे जुळूच देत नाही, विभाजन अर्ध्यावर अडकतं आणि पेशी मरते. पण मज्जातंतूंनाही त्याच नलिका लागतात. म्हणून पेशंट सांगतो, 'सिस्टर, बोटांना मुंग्या येतात, शर्टाची बटणं लागत नाहीत.' ते किरकोळ समजू नकोस, लगेच डॉक्टरांच्या कानावर घाल. आणि हे औषध फक्त शिरेतून. चुकून मणक्यात गेलं तर जीव जातो.

डॉक्सोरुबिसिन लालभडक असतं. लघवी लालसर होईल हे आधीच सांग, नाहीतर घरी गेल्यावर माणूस घाबरून जातो.

इमॅटिनिबची गोष्ट वेगळी. २००१ साली मान्यता मिळालेली ही गोळी एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगातलं बीसीआर-एबीएल हे बिघडलेलं प्रथिनच अडवते, त्यामुळे केस सहसा शाबूत राहतात. केमोत मात्र झपाट्याने वाढणाऱ्या निरोगी पेशीही भरडल्या जातात: केसांची मुळं, तोंडाचं अस्तर, अस्थिमज्जा. पांढऱ्या पेशी घटल्या की साधा तापही जिवावर बेततो. कसारा-विरारहून येणाऱ्यांना दोनदा बजाव: ताप १००.४ फॅरनहाइट झाला, तर पहिल्या लोकलची वाट बघायची नाही, रात्रीच जवळचं हॉस्पिटल गाठायचं.