सायटोस्केलेटन हा पेशीचा सांगाडा असेल, तर टी पेशी (रोगप्रतिकार करणारी पांढरी रक्तपेशी) सक्रिय होण्यात त्याचं काय काम?

काम मोठं आहे: या सांगाड्यातल्या ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांची जाळी वेळेत विणली गेली नाही, तर टी पेशीला मिळालेला संदेश टिकतच नाही. सोलापुरात बी.एस्सी.ला मी इम्युनॉलॉजी शिकवते. हा प्रश्न दरवर्षी येतो. ओळखीचा प्रतिजन (जंतूसारख्या परक्या गोष्टीचा ओळखू येणारा अंश) सापडला की टी पेशी काही मिनिटांत गोल आकार सोडून समोरच्या पेशीवर पसरते. कडेला ॲक्टिनचं कडं तयार होतं आणि त्याचा आत वाहणारा ओघ रिसेप्टरचे (प्रतिजन ओळखणाऱ्या प्रथिनांचे) पुंजके मध्याकडे ओढत नेतो. टॅलिन हे प्रथिन एलएफए-१ या चिकटून धरणाऱ्या प्रथिनाला ॲक्टिनशी बांधतं, त्यामुळे पकड सुटत नाही. मारक (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या) टी पेशीतली पुढची पायरी तर फार देखणी: सेंट्रोसोम (मायक्रोट्यूब्यूल या सांगाड्यातल्या नळीसारख्या धाग्यांचं केंद्र) सरकत थेट संपर्काच्या जागी येतो, मायक्रोट्यूब्यूलवरून परफोरिन-ग्रँझाइम या पेशी मारणाऱ्या प्रथिनांच्या पुड्या नेमक्या तिथेच पोचतात आणि शेजारच्या निरोगी पेशी वाचतात. यंत्रमागाच्या घरातल्या मुलांना मी ताण्याचं (मागावरच्या उभ्या धाग्यांचं) उदाहरण देते. फक्त पेशीतले हे धागे सतत सुटतात आणि पुन्हा जुळतात. पुरावा हवा तर विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम हा आनुवंशिक आजार बघा. ॲक्टिनची बांधणी सुरू करून देणाऱ्या वास्प प्रथिनाचं जनुक १९९४ मध्ये सापडलं. त्यात दोष असलेल्या मुलग्यांना वारंवार संसर्ग, एक्झिमा आणि रक्तस्राव होतो. मात्र बी पेशीत (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीत) गणित वेगळं आहे. शांत बी पेशीत ॲक्टिन कुंपणासारखं रिसेप्टरना अडवून धरतं. ते औषधाने मोडलं तर प्रतिजन नसतानाही संदेश सुरू होतो. म्हणून ‘ॲक्टिन म्हणजे सक्रियता’ असं सरसकट लिहू नका.