नळाला झिणझिण्या येतात, पाइपला अर्थिंग बांधू का?

प्रश्न : पंचवटीतल्या आमच्या जुन्या इमारतीत पाणी जी.आय. (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपने येतं. गिझर बंद असतानाही बाथरूमच्या नळाला झिणझिण्या येतात. वायरमन म्हणतो, अर्थिंगची वायर पाइपला बांधून टाकू. चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आत्ताच नको. करंट कुठून येतो ते सापडेपर्यंत त्या बाथरूममध्ये आंघोळही करू नका.

नळ आणि सॉकेटची अर्थ पिन यांच्यात मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा. मग घराचा मेन बंद करून पुन्हा मोजा. आकडा तसाच राहिला तर करंट शेजारच्या गिझरमधून किंवा पाण्याच्या मोटारीतून येतोय. एकेका घराचा मेन बंद करून शोधा. शून्यावर आला तर दोष तुमच्याच घरात. अनेकदा गिझरचा स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर असतो, मग तो बंद करूनही कॉइलपर्यंत फेज पोचलेलाच असतो.

आता अर्थिंग. नाशिकच्या काळ्या कातळात चांगला अर्थपिट, म्हणजे अर्थिंगचा जमिनीतला खड्डा, मिळणं कठीण, उन्हाळ्यात तर तो आणखी कोरडा पडतो. समजा त्याचा रेझिस्टन्स २० ओहम मिळाला. फेज बॉडीला चिकटला तर २३० भागिले २०, फार तर साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ अँपिअरची एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच) तेवढ्यावर पडत नाही. गिझरची बॉडी तशीच जिवंत राहते, आणि पाइप जोडलेला असेल तर खालच्या मजल्यावरचा नळसुद्धा! म्हणून आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे थोडासा करंट बाहेर गळला तरी सप्लाय तोडणारा स्विच, बसवा. ती वारंवार पडली तर लीकेज शोधायचं, किंवा न्यूट्रल आणि अर्थ कुठे एकत्र झालेत ते पाहायचं. आरसीसीबी बायपास करून देणाऱ्या वायरमनला घरात घेऊ नका.

एवढं झाल्यावर पाइप जोडाच. गिझरच्या अर्थ टर्मिनलपासून ४ चौरस मि.मी.ची हिरवी-पिवळी तांब्याची वायर थंड आणि गरम, दोन्ही पाइपांना न्या. क्लॅम्पखालचा रंग आणि गंज लख्ख धातू दिसेपर्यंत घासा. वायरच्या टोकाला कथिल चढवलेली लग (क्लॅम्पला जोडायचं धातूचं टोक) वापरा. उघडं तांबं ओलाव्यात जी.आय.ला खातं. नुसती वायर पिळून गुंडाळली तर वर्षभरात सैल होते. क्लॅम्प टाइल्सच्या मागे गाडू नका, पाना लागेल असा ठेवा.

शेवटी मेन बंद करून गिझरची बॉडी आणि नळ यांच्यात ओहम मोजा. मीटरच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा करून अर्ध्या ओहमपेक्षा जास्त आला तर जोड पुन्हा करा. पुढे प्लंबरने मध्येच सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) तुकडा टाकला तर त्याच्या पलीकडचा लोखंडी पाइप अर्थिंगपासून तुटतो, त्याला नवा क्लॅम्प लागेल.