प्रश्नोत्तरे : उसाचं बिल, पांढरं फुटलेलं रान आणि बांबूची तोड

कागल : आमच्या कारखान्याचा उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) १२ टक्के धरला, तर एफआरपी (केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) टनाला किती बसते?

२०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी टनाला ३,५५० रुपये आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४.६० रुपये ठरले आहेत. १२ टक्क्यांना १.७५ टक्के जादा, म्हणजे ६०५.५० रुपये, एकूण ४,१५५.५०. एवढे खात्यावर येत नाहीत, कारण त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती ९०० धरली तर ३,२५५.५० उरतात. उताऱ्यावरून चावडीवर वाद रंगतात, पण वजावटीचा आकडा फारसं कुणी तपासत नाही. तो मागून घ्या. फडात तोडणीच्या टोळीला वरून दिलेले पैसे, म्हणजे खुशाली, तर कुठल्याच पावतीवर येत नाही; ती वहीत मांडा, तरच उसात काय उरलं ते कळेल.

ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. पुढच्या दिवसांना वर्षाला १५ टक्के दराने व्याज लागतं. आणि तोडलेला ऊस फडात पडू देऊ नका. तो वाळतो, वजन घटतं आणि ती घट थेट तुमच्या बिलात येते.

शिरोळ : रानावर पांढरं फुटलंय. जिप्सम टाकू का?

आधी माती तपासा. सामू (पीएच) ८.५ च्या आत आणि क्षारता मीटरला ४ डेसिसायमनच्या वर असेल तर रान क्षारपड आहे. तिथं जिप्समचा खर्च वाया जातो. जिप्सम चोपण रानाला लागतं : सामू ८.५ च्या वर, माती चिकट, पाणी वरच तुंबलेलं.

क्षारपडीला निचरा हाच उपाय. तीन-चार फूट खोल, फिल्टर गुंडाळलेला सच्छिद्र पाइप नाल्याकडे एकसारखा उतार देऊन गाडायचा. मधे पाइप वर-खाली झाला की गाळ बसून तो तुंबतो. नाला पाइपच्या तोंडापेक्षा खोल हवा, नाहीतर पाणी उलटं रानात येतं. एकट्याने करून भागत नाही, कारण वरच्या रानाचं पाणी पाझरतच राहतं. तुमच्याच तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या भागात शेतकऱ्यांनी मिळून हे काम केलंय, ते जाऊन बघा. पाटपाण्याचा मारा मात्र थांबवावाच लागेल.

शाहूवाडी : बांधावरचा माणगा बांबू तोडायला परवानगी लागते का?

नाही. वनेतर जमिनीवरचा बांबू भारतीय वन कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला आहे. तीन वर्षांपुढच्या काठ्याच काढा, पावसाळ्यात कोंब फुटताना बेटाला हात लावू नका. काप जमिनीलगतच्या पेराच्या अगदी वर घ्या. कांडं उघडं राहिलं की त्यात पाणी साचून बुंधा कुजतो.