मॉडेलचा पीक टेस्टशी जुळत नाही, डॅम्पिंग वाढवून जुळवलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ब्रॅकेट शेकरवर (कंपन देणाऱ्या यंत्रावर) १ जी (गुरुत्वाच्या त्वरणाइतक्या) इनपुटला स्वीप केला, म्हणजे फ्रिक्वेन्सी हळूहळू बदलत नेली, टोकावरच्या सेन्सरला ८४ हर्ट्झला ३१ जी मिळाले. मॉडेल सांगतं ९१ हर्ट्झ आणि ४३ जी. रेले डॅम्पिंग (डॅम्पिंग म्हणजे कंपनाची ऊर्जा जिरणं) २० आणि २०० हर्ट्झला ३ टक्के धरून घातलं होतं. ते ४.१ टक्के केलं की मॉडेलही ३१ दाखवतं, फक्त ३४० हर्ट्झचा दुसरा पीक, जो टेस्टमध्ये ठळक आहे, तो मॉडेलमध्ये जवळपास सपाट होतो. रिपोर्टमध्ये हेच देऊ का?

इतक्यात नका देऊ.

मुळात तुमच्या पहिल्या मोडला (पार्टच्या कंपनाच्या पहिल्या नैसर्गिक तऱ्हेला) ३ टक्के डॅम्पिंग कधी मिळालंच नव्हतं. रेलेमध्ये डॅम्पिंग दोन गुणांकांतून बनतं, वस्तुमानाशी जोडलेला अल्फा आणि ताठपणाशी जोडलेला बीटा. अल्फाचा वाटा फ्रिक्वेन्सी वाढेल तसा घटतो आणि बीटाचा वाढतो. तुम्ही ठरवलेल्या दोन टोकांना ३ टक्के बरोबर येतात, पण मधल्या भागात झोळी पडते. ९१ हर्ट्झला हिशेब केलात तर १.८ टक्केच निघतात. आता ४.१ केल्यावर तिथे २.५ झाले आणि पीक जुळला. पण त्याच अल्फा-बीटाने ३४० हर्ट्झला साडेसहा टक्के लादले. दुसरा पीक तिथेच मेला. रेले टाइम-डोमेनच्या सोयीसाठी आहे, स्वीपच्या तुलनेला मोडवार डॅम्पिंग द्या. (नॅस्ट्रान या सॉफ्टवेअरच्या पॅराम जीमध्ये, म्हणजे सगळ्या मोडना एकच आकडा, देणार असाल तर तिथे दुप्पट आकडा लागतो, २.५ टक्क्यांना ०.०५. यात भलेभले फसतात.)

आता खरं डॅम्पिंग किती? पुष्कळ जण ३१ जी म्हणजे क्यू (रेझोनन्सला कंपन किती पट वाढतं तो आकडा) ३१, त्याच्या दुपटीने १ ला भागा, १.६ टक्के, असं करून मोकळे होतात. ते चूक आहे. टोकाला मिळणाऱ्या प्रतिसादात मोडचा सहभागही गुणलेला असतो. एकसारख्या जाडीच्या साध्या कॅन्टिलिव्हरच्या टोकाला पहिल्या मोडसाठी तो १.५७ येतो, टोकाला जड वजन लावलं की १ कडे सरकतो. तुमचा ब्रॅकेट पहिल्या प्रकारातला दिसतो, म्हणून क्यू साधारण २० आणि डॅम्पिंग २.५ टक्के. नेमका सहभाग सॉल्व्हरकडून घ्या, मोडचा आकार टोकाला १ धरून.

याची उलटतपासणी ग्राफवर करता येते. पीकच्या ०.७०७ पट म्हणजे २२ जी. तुम्ही दिलेल्या ग्राफवर तिथे पट्टी धरली तर रेघ ८१.९ आणि ८६.१ ला कापते. फरक ४.२, त्याला ८४ च्या दुपटीने भागा, आले २.५ टक्के. रुंदीला सहभागाशी देणंघेणं नसतं, सेन्सरच्या कॅलिब्रेशनशीही नाही, म्हणून मला हा आकडा उंचीपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. फक्त स्वीप घाईत घेतलेला नसावा. घाईत पीक पुरता चढत नाही, सरकतो, आणि डॅम्पिंग उगाच जास्त दिसतं.

म्हणजे पहिल्या मोडला तुमचा आकडा बरोबर निघाला, पण नशिबाने. फ्रिक्वेन्सी अजून ७ हर्ट्झने चुकली आहे. ९१ भागिले ८४, त्याचा वर्ग १.१७, म्हणजे वजन बरोबर असेल तर ताठपणा १७ टक्के जास्त. आधी पार्ट काट्यावर ठेवा, हार्नेस आणि सेन्सरसकट. मग बोल्टकडे बघा. मॉडेलमध्ये आख्खा बेस फिक्स्चरला (पार्ट शेकरवर धरणाऱ्या साच्याला) चिकटवला असेल तर तो सोडवून बोल्टभोवती वॉशरएवढ्याच भागाला धरा. माझ्या अनुभवात बहुतेक चोर तिथेच सापडतो.

माझीही एकदा फजिती झाली आहे. मॉडेल टेस्टपेक्षा कमी दाखवत होतं, म्हणून मी डॅम्पिंग ०.८ टक्क्यांवर नेऊन मारून मुटकून जुळवलं. चार बोल्ट आणि रबरी ग्रोमेट असलेल्या पार्टला ०.८ टक्के! साहेबांनी एवढंच विचारलं, "कंट्रोल सेन्सर कुठे होता?" शेकरचं इनपुट ज्याच्या आकड्यावर १ जी ठेवलं जातं तो हा सेन्सर. तो होता फिक्स्चरच्या मध्यावर, आणि आमचा ब्रॅकेट होता कोपऱ्यावर. कोपऱ्यावर नंतर सेन्सर लावला तर तिथे १ जी नव्हे, १.६ जी जात होते. तेव्हापासून मी नुसता पीक घेत नाही, पार्टच्या पायथ्याशी मोजलेल्या इनपुटने भागूनच घेतो. तुम्हीही तो चॅनल टेस्टवाल्यांकडून मागून घ्या. रेझोनन्सला कंट्रोलर १ जी धरून ठेवतोच असं नाही.

त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट मागा, अर्धा जी आणि २ जीचे स्वीप. बोल्टच्या जोडात सूक्ष्म घसरण होते, लेव्हल वाढली की घर्षण जास्त ऊर्जा खातं, डॅम्पिंग चढतं आणि फ्रिक्वेन्सी थोडी उतरते. लिनियर मॉडेलला हे कळत नाही, त्याला एका वेळी एकाच लेव्हलचा आकडा देता येतो. ते स्वीप हातात येईपर्यंत फ्रिक्वेन्सी ८४ वर आणा, पहिल्या मोडला २.५ घाला, ३४० च्या मोडला तशीच पट्टी धरून निघेल ते घाला, आणि रिपोर्टमध्ये प्रत्येक डॅम्पिंगशेजारी "१ जी इनपुटला" हे तीन शब्द लिहायला विसरू नका.